श्वास मोजताना

भक्त पुंडलिकाची कथा आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आईवडिलांची सेवा चालू असताना परब्रह्म दारी आले, आणि पुंडलिकाने मागे वीट भिरकावून त्याला थांबायला सांगितले. कीर्तनात ही कथा रंगली की आपले ध्यान विटेवरच्या सावळ्या रूपाकडे जाते, आणि ते जायलाच हवे. पण विटेच्या अलीकडे, घराच्या आत, काय चालले होते? तिथे दोन थकलेली म्हातारी माणसे होती. त्यांना उठवायचे, न्हाऊ घालायचे, भरवायचे, पाय चेपायचे. देव ज्या कामासाठी तिष्ठत राहिला ते काम इतके साधे आणि अंगमेहनतीचे होते.

आज हेच काम मी पोटासाठी करते. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात मी परिचारिका आहे. मात्र या कामाकडे मी सरळ वाटेने आले नाही. आधी दुसरेच शिकले, दुसरेच काम केले आणि पस्तिशी ओलांडल्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाले. त्या वाटेवर जे दिसले ते वाचक माउलींपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आमचे गाव नातेपुते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दरवर्षी आमच्या गावी मुक्कामाला असते. आप्पा माळकरी. पालखी आली की आमच्या घरात चूल विझत नसे. पिठले, भाकरी, ठेचा, आणि रात्री वारकऱ्यांच्या पायांना लावायला कोमट तेल. हे सगळे मी पाहिले, पण शिकायला मी गेले पुण्याला, आणि शिकले संख्याशास्त्र. एम. एस्सी. झाले आणि एका विमा कंपनीत लागले. अमक्या वयाची, अमक्या सवयींची हजार माणसे घेतली तर त्यांतली किती किती वर्षे जगतील, याचे हिशेब आम्ही मांडायचो. काम चांगले होते, पगारही. पण त्या हजारांतले एकही माणूस मी कधी पाहिले नव्हते.

लग्नानंतर यजमानांच्या नोकरीमुळे इंग्लंडला गेलो. मुलगा शाळेत जाऊ लागला तेव्हा घराजवळच्या एका वृद्धाश्रमात मदतनीस हवी होती. वेळ सोयीची होती म्हणून मी गेले. पहिल्याच आठवड्यात एका नव्वदीच्या आजींना न्हाऊ घालताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. घरी येऊन मी यजमानांना म्हणाले, ‘इतकी वर्षे मी माणसे मोजली, आज एक माणूस हाताला लागले.’ दोन वर्षे मी तिथे काम केले आणि मग ठरवले की हे नीट, शास्त्रशुद्ध शिकायचे.

ब्रिटनमध्ये परिचारिका होण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो. पण ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयाची पदवी आधीच आहे त्यांच्यासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर मार्ग आहे. तिथल्या नर्सिंग परिषदेच्या नियमानुसार एकूण शिक्षण ४६०० तासांचे धरतात. त्यातले निम्मे वर्गातले, निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेतले. पदवीधराचे आधीचे शिक्षण आणि अनुभव तपासून त्यातला काही भाग जमेस धरला जातो, म्हणून तीन वर्षांची दोन होतात. वाट जवळची झाली तरी चढण कमी होत नाही. बारा बारा तासांच्या पाळ्या, रात्रपाळ्या, त्यातच निबंध, औषधांच्या मात्रांचे गणित, शरीरशास्त्र. माझ्या वर्गात एक इतिहासाचा पदवीधर होता, एक संगीत शिकलेली होती, एक बँकेतली होती. दिंडीत जसे शेतकरी, शिंपी, मास्तर एकाच टाळावर चालतात तसे आम्ही चाललो.

ही वाट काही आजची नाही. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेतल्या व्हॅसर महाविद्यालयात पदवीधर स्त्रियांसाठी उन्हाळी शिबिर भरले होते. निरनिराळे विषय शिकलेल्या चारशेहून अधिक जणी तिथे नर्सिंगचे मूळ शास्त्र शिकल्या आणि मग रुग्णालयांत गेल्या. त्यांच्याकडे पदवी होती म्हणून त्यांचा पुढचा शिक्षणकाळ कमी केला गेला.

सिसिली साँडर्स ऑक्सफर्डला राजकारण, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकत होत्या. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगचे शिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्याने ते काम सोडावे लागले, तर रुग्णांच्या घरच्या आणि पैशांच्या अडचणी सोडवण्याचे काम धरले. पुढे त्या डॉक्टर झाल्या. बरे न होणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत वेदनेवाचून आणि मानाने जगता यावे म्हणून त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. मरणाच्या वाटेवरच्या माणसाचे दुःख केवळ देहाचे नसते. मनाचे, घरादाराचे आणि आत्म्याचेही असते, आणि ते सगळे एकत्र पाहावे लागते, ही त्यांची शिकवण आज जगभर मानली जाते. २००५ साली त्यांचा देह त्याच हॉस्पिसमध्ये ठेवला गेला.

आणि आपल्या पुण्यातल्या सावित्रीबाई? त्यांचे काम शिक्षिकेचे. पण १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा त्या रुग्णांच्या सेवेला उभ्या राहिल्या आणि त्या सेवेतच प्लेगने गेल्या. तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. सेवेला वय आणि आधीचे शिक्षण आडवे येत नाही, हे त्यांनी प्राण देऊन सांगितले.

मला सर्वांत जवळची वाटली ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल. आपण तिला ‘दिवा घेतलेली बाई’ म्हणून ओळखतो. पण ती आकड्यांचीही बाई होती. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनी अधिक सैनिक मेले, हे तिने १८५८ साली रंगीत वर्तुळाकार आकृती काढून सरकारपुढे मांडले. ब्रिटनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, तिच्या नावाची नर्सिंग शाळा सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली. हे वाचले तेव्हा वाटले, माझे आधीचे शिक्षण वाया जाणार नाही. माळेतला आधीचा मणी ओढल्याशिवाय पुढचा मणी बोटाशी येत नाही.

घरी मात्र बातमी सांगितली तेव्हा आधी शांतता पसरली. मग आत्याचा फोन आला. ‘अगं, एवढं शिकलीस, आणि आता लोकांची घाण काढणार?’ आईलाही ते लागले होते. दुखणेकऱ्याचे मलमूत्र काढणे हे कमी दर्जाचे काम, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. त्यात जातीचीही सावली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, ‘पोरी, नाथांनी वाळवंटातलं तापलेलं लेकरू उचललं तवा त्याची जात इचारली न्हाई, आन् शेंबूड पुसला तवा नाकबी मुरडलं न्हाई. तू जा.’ तेवढ्या दोन वाक्यांवर मी ती दोन वर्षे काढली.

आता या शिक्षणातली एक गोष्ट सांगते. ती वारकऱ्याला लगेच कळेल. ब्रिटनच्या रुग्णालयांत रुग्णाची प्रकृती ढासळते आहे का, हे ओळखण्यासाठी काही नोंदी घेऊन गुण देतात. श्वासाची गती, रक्तातला प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप. बाहेरून प्राणवायू द्यावा लागत असेल तर त्याचेही गुण. बेरीज पाच झाली की तातडीने बोलावायचे, सात झाली की धावायचे. यातल्या बहुतेक नोंदी यंत्र देते. श्वास मात्र डोळ्यांनी मोजायचा. पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहत बसायचे. आणि रुग्णाला सांगायचे नाही, कारण ‘तुमचा श्वास मोजते’ म्हटले की श्वास बदलतो. म्हणून नाडी पाहिल्यासारखा हात धरायचा आणि मनात मोजत राहायचे.

गडबडीच्या पाळीत हे एक मिनिट फार मोठे वाटते. घंटा वाजत असतात, कुणी पाणी मागत असते. पण प्रकृती बिघडू लागली की पुष्कळदा सगळ्यांत आधी श्वास बदलतो, म्हणून तिथे घाई करायची नाही, असे आम्हाला बजावून शिकवले. पुढे पुढे मला तेच मिनिट विसाव्याचे झाले. घरी आप्पांना माळ ओढताना पाहिले होते. एक मणी, एक नाम. इथे एक श्वास, एक माणूस. आकडा तोच, जो मी विमा कंपनीत मांडत होते. पण आता त्या आकड्याखाली ऊब होती. मी मोजत असते आणि ओठ न हलवता नामही चालू असते. रुग्ण कोणत्या धर्माचा, कोणत्या देशाचा, याच्याशी त्या नामाचे भांडण नाही, आणि त्याच्या श्रद्धेत मी कधी हात घालत नाही.

तिथे आणखी एक रीत आहे. केट ग्रेंजर नावाच्या एक तरुण डॉक्टर स्वतः कर्करोगाने रुग्णालयात होत्या. तपासायला येणारे कित्येक जण आपले नावही सांगत नाहीत, हे त्यांना जाणवले. २०१३ साली त्यांनी मोहीम सुरू केली: रुग्णापाशी गेले की आधी नमस्कार करून आपले नाव सांगायचे. त्या २०१६ मध्ये गेल्या, रीत राहिली. वारीत आपण नाव विचारत नाही, सगळ्यांनाच ‘माउली’ म्हणतो. रुग्णालयात आधी नाव सांगतो. रीत उलटी, भाव एकच: समोरचा हा खाटेचा क्रमांक नाही.

पहिल्या वर्षी मी पक्षाघाताच्या वॉर्डात शिकत होते. तिथे एक वृद्ध बाई होत्या. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसल्याने त्यांची वाचा गेली होती. ‘पाणी’ म्हणता येईना, स्वतःचे नाव सांगता येईना. एका सकाळी वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांच्यापाशी बसून चर्चमधले एक जुने गीत हळूच सुरू केले, आणि त्या आजी शब्दांसकट गाऊ लागल्या! मी थक्क झाले. मग कळले की नवे वाक्य जुळवण्याची शक्ती गेली तरी लहानपणापासून घोकलेले, सुरात बसलेले शब्द पुष्कळदा मागे उरतात. गाणे, मोजणी, प्रार्थना मेंदूत जणू वेगळ्या वाटेने जपलेल्या असतात.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात आप्पांना झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. अकलूजला नेले, जीव वाचला. भावाने फोन आप्पांपुढे धरला. त्यांच्या तोंडून नुसता घोगरा आवाज येत होता आणि डोळ्यांतून पाणी. भाऊ म्हणाला, ‘ताई, आप्पा आता बोलणार नाहीत गं.’ मला तो वॉर्ड आठवला. म्हटले, ‘त्यांना काही विचारू नकोस. टाळ घे, जवळ बस आणि रोजच्या चालीत हरिपाठ म्हण. हळू म्हण, आणि प्रत्येक चरणाच्या शेवटी थांब.’

दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या संध्याकाळी भाऊ थांबला आणि चरणाचा शेवटचा शब्द आप्पांनी म्हटला. तोतरा, पण म्हटला. आठवडाभरात ते निम्मा हरिपाठ भावाबरोबर म्हणू लागले. पाणी हवे असले तरी ‘पाणी’ म्हणता येत नव्हते, पण ‘विठ्ठल’ म्हणता येत होते. मग घरच्यांनी तेच ओळखायला सुरुवात केली: या सुरातला ‘विठ्ठल’ म्हणजे तहान, त्या सुरातला म्हणजे कूस बदला. साठ वर्षे रोज संध्याकाळी जे म्हटले तेच शेवटी बोलणे होऊन कामाला आले. नित्यनेमाचे फळ काय, असे कुणी विचारले तर मी आता हे सांगते.

तीन आठवड्यांची रजा काढून मी गावी गेले. वहिनीला दाखवले: दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवायच्या, माकडहाडापाशी त्वचा लाल होते का ते रोज पाहायचे, बसवूनच भरवायचे, घास गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. वहिनीने हे चौदा महिने केले. आप्पांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. हे कौतुक तिचे आहे. मी परत गेले होते. आप्पा गेले तेव्हा मी इंग्लंडमध्ये रात्रपाळीला होते. घरी पोचले तोवर सावडणे झाले होते.

तेव्हापासून पुंडलिकाची कथा ऐकताना आत काहीतरी टोचते. त्याने स्वतःच्या आईबापाची सेवा केली. मी हजारो कोसांवर दुसऱ्यांच्या आईबापाची करते. कुणा अनोळखी आजोबांचे शेवटचे श्वास मोजले, कोरड्या पडलेल्या ओठांवर ओला बोळा फिरवला, गेल्यावर त्यांचे अंग पुसले. तिथल्या जुन्या परिचारिका अंग पुसतानाही ‘आता तुमचा हात उचलते हं’ असे बोलत राहतात आणि शेवटी खिडकी थोडी उघडतात. ते सगळे मी केले, पण आप्पांचे केले नाही.

गावी असताना एक गोष्ट पाहिली होती. आप्पांच्या नाकातली नळी बदलायला अकलूजहून एक तरुण सिस्टर येत असे. हात फार हलका. ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना कमळावर उतरणाऱ्या भुंग्याचा दाखला दिला आहे, तो मला तिच्या हाताकडे पाहून आठवला. चहा घेताना तिला विचारले, घरी कोण? म्हणाली, ‘आई एकटीच असते नांदेडकडं. तिलाबी दम्याचा त्रास आहे. शेजारच्या काकू बघतात.’ म्हणजे मी परक्या आजोबांकडे, ती माझ्या आप्पांकडे, आणि काकू तिच्या आईकडे.

मग वारी डोळ्यांपुढे आली. वारीत आपण स्वतःच्या पायांवर डोके ठेवत नाही. समोरच्याच्या ठेवतो, आणि तो आपल्या. नातेपुत्याच्या बायका ज्यांना भाकरी वाढतात ते त्यांचे कुणी नसतात. त्या बायकांची लेकरे कुठल्या तरी दुसऱ्या गावी कुणाच्या तरी हातची भाकरी खात असतात. सेवा ही अशी हातोहात फिरते. माझ्या हातून निघालेली आप्पांपर्यंत वेगळ्या हातांनी पोचली. याने दुःख मिटले असे म्हणत नाही. आप्पांच्या उशाशी मी नव्हते हे खरेच आहे आणि खरेच राहील. पण त्या दुःखाला आता पाठ टेकायला जागा मिळाली आहे.

आता दोन कामाच्या गोष्टी सांगते. आपल्याकडे दुसऱ्या विषयाच्या पदवीधरासाठी असा दोन वर्षांचा मार्ग नाही. बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आणि ते बारावी विज्ञानानंतर, जी. एन. एम. तीन वर्षांचे, त्याला इतर शाखांतून बारावी झालेल्यांनाही वाट असते. एम. एस्सी. नर्सिंगला आधी नर्सिंगचीच पदवी लागते. तेव्हा इथे नव्याने यायचे तर पहिल्या पायरीपासूनच चढावे लागते आणि वयाची अटही तपासून घ्यावी लागते. पण घरातली एखादी मुलगी किंवा मुलगा, शिकलेला असो वा नसो, ‘मला हे काम करायचे आहे’ म्हणाला, तर निदान ‘घाण काढणार का’ हे वाक्य आपल्या माळकरी घरात उच्चारले जाऊ नये.

दुसरी गोष्ट वारीला जाणाऱ्यांसाठी. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या तळव्यांची संवेदना पुष्कळदा कमी झालेली असते. काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. अशा माउलींनी अनवाणी चालण्याचा नेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. रोज मुक्कामाला पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे सोबत्याकडून तपासून घ्यावेत. फोड आला तर फोडू नये, झाकून ठेवावा. त्वचा काळवंडली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकादशीच्या उपवासात गोळ्या किंवा इन्सुलिन कसे घ्यायचे हे निघण्याआधीच विचारून घ्यावे. देह हाच वारीचा पहिला सोबती आहे.

गेल्या आषाढात रजा जुळली आणि मी तीन मुक्काम आमच्या दिंडीबरोबर होते. संध्याकाळी हरिपाठ झाला की बॅटरी घेऊन बसायचे आणि एकेक माउली पाय पुढे करायची. कुणी संकोचून म्हणे, ‘ताई, पायाला हात नका लावू, तुम्ही एवढ्या शिकलेल्या.’ मी म्हणायची, ‘माउली, त्याच्यासाठीच शिकले.’

रामकृष्ण हरी.